अडीच फुटी मुलूख

रेल्वेवेड्या माणसाला किल्ला दाखवणं हे माझ्या धंद्यातलं अवघड काम. किल्लेवेड्याला रूळ दाखवणं त्याहून अवघड. पहिला गाविलगडाच्या दिल्ली दरवाजाखाली उभा राहून विचारतो, की मूर्तिजापूरच्या शेडवर सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं येतं. दुसरा अंजनगावच्या ओस फलाटाशी मोटारीतून उतरतो न उतरतो तोच घड्याळ बघतो, "मॅडम, इथं किती वेळ?" दोघंही पैसे देऊन आलेले असतात आणि दोघांनाही वाटत असतं, की आपल्याला हवं ते सोडून ही बाई भलतंच दाखवते आहे.

मी अमरावतीची. इतिहासात एम.ए. केलं, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि मग पर्यटकांना वऱ्हाड दाखवायचं काम धरलं. "वऱ्हाड पाहाले येते कोन?" असं सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. चिखलदऱ्याला हवा खायला जाणाऱ्यांना गाइड लागत नाही, शेगावला जाणाऱ्यांना तर नाहीच नाही. मला काम मिळालं ते शकुंतलेमुळे. ही गाडी चालू होती तोवर तिच्यासाठी इंग्लंड-जर्मनीकडून माणसं यायची, पुण्या-मुंबईहून यायची. गाडी थांबली तरी ती यायची पूर्ण थांबली नाहीत. आता गवतातले रूळ बघायला येतात.

शकुंतला हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री ती यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर अशी नॅरोगेज लाइन. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूर मुंबई–नागपूरच्या मोठ्या लाइनवरचं जंक्शन. तिथून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जातो, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा पूर्णा ओलांडून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत सातपुड्याच्या पायथ्याला अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. हे आकडे मी पाहुण्यांना स्टेशनबाहेर चहा पितानाच सांगून मोकळी होते, कारण रेल्वेवाल्यांना ते माझ्यापेक्षा आधीपासून पाठ असतात आणि किल्लेवाल्यांना ते नको असतात.

मालकीची गोष्ट मात्र दोघंही ऐकतात. मुंबईत १८५७ पासून किलिक निक्सन नावाची इंग्रजी पेढी होती. तिनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षांत ही लाइन टप्प्याटप्प्यानं टाकली. गाड्या चालवायच्या जीआयपी रेल्वेनं आणि मोबदला घ्यायचा कंपनीनं, असा करार. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही तेवढी राहून गेली. म्हणजे गाडी मध्य रेल्वेची, ड्रायव्हर-गार्ड मध्य रेल्वेचे आणि खालची लाइन खासगी कंपनीची. हे ऐकून प्रत्येक गटातला एक जण तरी "इंग्रजांना अजून भाडं देतो आपण?" म्हणून तापतो. त्याला सांगावं लागतं, की कंपनी केव्हाच भारतीय हातांत आली. तो थोडा हिरमुसतो. रागावायला मिळालेलं चांगलं कारण कुणी काढून घेतलं की माणसं हिरमुसतातच.

तसंच मँचेस्टरचं. इथल्या झेडडी वर्गाच्या वाफेच्या इंजिनाची बांधणी मँचेस्टरची, साल १९२१. वाफेची सेवा १९९४ च्या एप्रिलमध्ये संपली आणि डिझेल आलं. आता "इंजिन मँचेस्टरहून आलं आणि कापूस मँचेस्टरला गेला" हे वाक्य टाळ्या घेणारं आहे. माहितीपत्रकांतून ते हटकून असतं. मी ते म्हणत नाही. वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरनं आपला घेतला हे खरं. पण ही अडीच फुटी लाइन आली तोवर पन्नास वर्षं लोटली होती. तेव्हा 'ऊमरास' या बाजारनावानं ओळखला जाणारा हा माल – नाव अमरावतीवरूनच पडलेलं – मुंबईच्या गिरण्यांत आणि जपानकडे जास्त जात होता. जुनं दुखणं खरं असलं तरी त्याचा पत्ता बरोबर द्यायला हवा.

लाइन कापसासाठी होती हे समजायला पुस्तक लागत नाही. मूर्तिजापूरला नॅरोगेजचा फलाट आणि मोठ्या लाइनचा फलाट यांच्यामध्ये उभं राहिलं की पुरे. छोट्या डब्याची चाकं मोठ्या रुळांवर जात नाहीत. म्हणजे यवतमाळ-दारव्ह्याकडून आलेली रुईची प्रत्येक गाठ इथं उतरवायची आणि मोठ्या वाघिणीत चढवायची. हातांनी, पाठीवरून. मी पाहुण्यांना त्या दोन फलाटांमधलं अंतर चालायला लावते. वीसेक पावलांचा प्रकार, पण आपण रिकाम्या हातांनी चालतो आहोत हे लक्षात आणून दिलं की त्यांचा चेहरा बदलतो. इथल्या हमालांनी उचललेल्या ओझ्याचं एक पाटीभरही स्मारक कुठे नाही. इंजिनाचे फोटो मात्र जगभर आहेत.

गाडी चालू होती तेव्हाचा माझा ठरलेला बेत असा: मूर्तिजापूरहून पाहुण्यांना गाडीत बसवायचं, मोटार रस्त्यानं पुढे पाठवायची आणि अंजनगावला उतरायचं. मोटारीचा चालक तिकडे पोचून, जेवून, एक झोप काढून उठलेला असायचा. अचलपूरपर्यंतच्या शहात्तर किलोमीटरला चार तास लागत. मधल्या स्टेशनांवर रेल्वेचं माणूस नसे. तिकिटं गार्डच द्यायचा. गाडी थांबली की खाली उतरून, आरोळी देऊन. रेल्वे फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. इंजिन जोडणं-सोडणं, सांधा बदलणं, झेंडी दाखवणं, सगळं त्याच मोजक्या माणसांनी.

पाहुण्यांचे कॅमेरे फाटकाशी सुरू व्हायचे. एका जर्मन बाईंनी तर फाटक लावणाऱ्या माणसाला हसत हसत पुन्हा एकदा लावायला सांगा म्हणून मला गळ घातली होती, उजेड नीट नव्हता म्हणून. मी ते भाषांतर केलं नाही. डब्यात मागे सरकारी दवाखान्यातून परतणारी एक म्हातारी औषधाची पिशवी मांडीवर धरून बसली होती आणि मला सारखी विचारत होती, "बाई, काहून थांबली आता?" शकुंतलेत बसणारे बहुतेक असेच लोक. शेतमजूर, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, चाऱ्याचे भारे, कॉलेजची पोरं. एसटीच्या मानानं तिकीट फार स्वस्त, एवढं एकच कारण. घाई असलेला माणूस या गाडीत बसतच नव्हता, असं पाहुण्यांना वाटे. घाई होती, पण एसटीचे पैसे नव्हते. हा फरक डब्यात काही तास बसल्यावर कळायचा. मोटारीनं येऊन फोटो काढून जाणाऱ्यांना कळत नसे. म्हणून मी गाडीतून नेण्याचा आग्रह धरायची. गाडी बंद झाल्यावर माझ्या कामातली सगळ्यात मोठी अडचण हीच झाली. आता तो डबा मला तोंडानं सांगावा लागतो.

लाखपुरीच्या पुढे पूर्णेचा पूल. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. रूळ अशा जमिनीवर बसवणं म्हणजे काय, ते पुण्याच्या एका निवृत्त रेल्वे अभियंत्यांनी मला शेतात उकिडवं बसून समजावलं होतं. ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, आणि म्हणाले, "याच्यावर घर बांधलं तर भिंत तडकते. रुळाला तर दर पावसानंतर नव्यानं सरळ करावं लागतं." तेव्हापासून कुणी "एवढी हळू का हो?" विचारलं की मी ढेकूळ उचलून देते.

याच भागात गाडगेबाबांचा जन्म. अंजनगाव तालुक्यातलं शेंडगाव, १८७६. लहानपण गेलं ते मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला, मामाकडे. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधून घेतला, मूर्तिजापूरला धर्मशाळा उभी केली. वेळापत्रकात जागा असली तर मी नेते, नसली तर नेत नाही, आणि खरं सांगायचं तर परदेशी पाहुण्यांना ते तासाभरात समजावणं मला जमत नाही. मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

अंजनगाव सुर्जी मात्र चुकवत नाही. पानमळ्यांचं गाव. देवनाथ मठाचं गाव. आणि ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथंच. त्या एका कागदानं गंगा-यमुनेचा दुआब गेला, दिल्ली-आग्ऱ्यावरचा शिंद्यांचा ताबा गेला, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. दिल्लीचा निकाल वऱ्हाडातल्या एका पानमळ्यांच्या गावी लागला हे ऐकून पुण्याचे लोक चमकतात. आमच्याकडचे म्हणतात, "हाव, शाळेत होतं." मी हा तह फलाटावरच सांगते. आधी गावात सांगत असे, पण फलाटावर सांगितला तर रेल्वेवालेही ऐकतात, कारण त्यांना जायला जागा नसते.

याच्या तेरा दिवस आधी, १७ डिसेंबरला, नागपूरकर रघूजी भोसल्यांनी देवगावला तह केला होता. तो का करावा लागला हे पाहायचं तर गाविलगड चढावा लागतो.

माझ्या सगळ्या फिरतीत मला खरं बोलायला आवडतं ते या गडावर. बहमनी सुलतान अहमदशाह वलीनं पंधराव्या शतकात बांधून काढलेला, पुढे इमादशाहीत फत्तेउल्लानं वाढवलेला, निजामशाहीत बहरामखानी बुरूज आलेला. दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरला आहे, दोन तोंडांचा पक्षी. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला, लहानपणी युद्धात पकडून आणलेला. ते चिन्ह त्यानं तिकडून आणलं असं मानतात. वऱ्हाडच्या पहिल्या सुलतानानं आपल्या दरवाजावर हरवलेल्या मुलखाची खूण कोरून घेतली असेल, हा विचार मला दर वेळी तिथं थांबवतो. पाहुणे पुढे निघून जातात.

इंग्रज पाहुण्यांतले काही जण गडाची गोष्ट ऐकूनच आलेले असतात. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या 'शार्प्स फोर्ट्रेस' या कादंबरीत गाविलगडाचा वेढा आहे. कादंबरीचा नायक त्यात जे करतो ते प्रत्यक्षात कॅप्टन कॅम्पबेल आणि ९४व्या पलटणीच्या लोकांनी केलं: बाहेरचा कोट पडल्यावर मधली दरी ओलांडून आतल्या तटाला शिडी लावली, वर गेले आणि दरवाजा आतून उघडला. १५ डिसेंबर १८०३. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. गडावर त्या दिवशी फार माणूस मेलं. हा भाग मी आवाज न चढवता सांगते. पाहुण्यांत कुणाचा तरी पूर्वज त्या पलटणीत असायचा.

पण मला त्या शिडीपेक्षा तिच्या आधीचा आठवडा मोठा वाटतो. गड दक्षिणेकडून, मैदानाच्या बाजूनं, घेता येण्यासारखा नाही; तिकडे ताशीव कडा. तो पडू शकतो उत्तरेकडून, जिथं पठार त्याला जोडलेलं आहे. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला त्यानं डोंगराला वळसा घालून उत्तरेला लबाडा गावाकडे पाठवलं. ७ डिसेंबरला दोघंही अचलपूरहून निघाले. १२ तारखेला स्टीव्हन्सन लबाड्याला मोर्चे बांधत होता. मधल्या दिवसांत काय झालं? अवजड तोफा आणि दारूगोळा सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून, जिथं वाट नव्हती तिथं वाट फोडत, बहुतेक अंतर माणसांनी हातांनी ओढत नेला.

हे मी त्या अभियंत्यांना गडाच्या उत्तर तटावर उभं राहून सांगत होते. तोवर ते गडावर कंटाळले होते, हे मला दिसत होतं. आता त्यांनी फोन काढला, चढ मोजायचं काहीतरी त्यात होतं, समोरच्या दऱ्यांवर धरलं, खाली अचलपूरच्या दिशेनं धरलं, पुन्हा वर. मग त्यांनी विचारलं, तोफेचं वजन किती, चाकं लाकडी का, माणसं किती, बैल कुठवर चालले असतील. त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. पण माणूस जागा झाला होता. "तुमची लाइन अचलपूरला का संपते ते आज कळलं," ते म्हणाले. "यापुढे अडीच फुटीनं जायचं तर नुसते वळसेच घालावे लागले असते. कंपनीला कापूस हवा होता. वर कापूस नाही. मग खर्च कशाला?"

माझ्या डोक्यात लाइन आणि गड तोवर दोन वेगवेगळ्या दिवसांचे कार्यक्रम होते. आता मी ते असे जोडून सांगते: १८०३ मध्ये अचलपूरहून तोफा वर ओढल्या, देवगावच्या तहानं वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला, १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं, १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्यानं त्यांच्याकडे राहिलं, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत त्याच अचलपुरात रूळ आले. आणि एक गंमत. ज्या गाविलगडासाठी इतकी माणसं मेली तो देवगावच्या तहात दोन दिवसांनी भोसल्यांकडेच ठेवला गेला. हवा होता तो खालचा काळ्या मातीचा मुलूख. गडावरून तो सगळा दिसतो. हिवाळ्यात सकाळी धुकं उठलं की कापसाचे पट्टे ओळखू येतात.

अचलपुरात हौज कटोरा पाहावा. पाण्यात उभी केलेली अष्टकोनी, मजल्यांवर मजले चढवलेली इमारत, गावाबाहेर. पाणी असेल त्या वर्षी सुंदर. दुल्हा दरवाजा पाहावा. बाजूचं परतवाडा मुळात छावणी, आता बाजारपेठ. तिथं जेवण होतं, बाकी थांबायचं कारण नाही.

यवतमाळच्या फाट्यावर मी क्वचित नेते, पण कारंज्याला जरूर. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना ठाऊक. मला तिथलं काष्ठासंघाचं जैन मंदिर जास्त धरून ठेवतं, आतल्या लाकडी कोरीव कामासाठी. कारंज्याच्या जैन भांडारांत अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या निघाल्या. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची काव्यं त्यांत होती. त्या संपादून छापणारे डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवायचे. त्याच कॉलेजात पुढे मी शिकले. व्यापारी कापूस घेऊन जात-येत राहिले म्हणून पेठ टिकली, पेठ टिकली म्हणून मंदिरं आणि भांडारं टिकली, असं माझं मत आहे. ते मी मत म्हणूनच सांगते.

आता मूळ मुद्द्याचं. रुळांवर कुठेही उभं राहिलं, विशेषतः हातात टेप असली, की पाच मिनिटांत माणसं जमतात. रेल्वेवेड्यांच्या हातात टेप असतेच. ते गेज मोजतात, रुळावरचे जुने ठसे पुसून वाचतात, वहीत टिपतात. जमलेल्यांतला कुणीतरी माझ्याकडे न बघता थेट पाहुण्याला विचारतो, "मोजनी कराले आले का जी?" मग मी पुढे होते. मग मला विचारतात, "ताई, गाडी कवा सुरू होते? मोठी लाइन होनार म्हनते, खरं हाय का?" २०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली तेव्हापासून हा प्रश्न आहे. अचलपूरकडे लोकांनी गाडीसाठी सत्याग्रहही केला. त्यांची मागणी वारशाची नव्हती, जाण्या-येण्याची होती.

पाहुण्यांपैकी एक गृहस्थ वेल्समधले. तिकडे वेल्शपूल ते लानव्हायर अशी अडीच फुटी लाइन आहे, १९०३ ची. १९५६ मध्ये बंद झाली आणि १९६३ मध्ये हौशी लोकांनी पुन्हा चालू केली. हे त्यातलेच एक, सुट्टीत तिथं फायरमनचं काम करणारे. मूर्तिजापूरला त्यांची गाठ मी एका निवृत्त फायरमनशी घालून दिली. वाफेच्या काळात इथल्या इंजिनावर कोळसा मारलेला माणूस. सुरुवातीला मी दुभाषी होते.

"हे फुकटात काम करतात," मी सांगितलं.

फायरमनकाकांनी त्यांना खालून वर पाहिलं. "पगार नाही? मंग ड्युटी कोन लावते?"

वेल्सवाल्यांनी सांगितलं, की आम्हीच तक्ता करतो.

"अन् आला नाही एखादा, तं?"

नेहमी येतात, असं उत्तर आलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. "आमच्या इथं सुरू करा म्हना. मी येतो. पन ओव्हरटाइम भेटला पाहिजे."

यानंतर माझी गरज उरली नाही. इंजेक्टर, व्हॅक्यूम, फायरबॉक्स, प्रेशर, ग्लास. शब्द दोघांचे सारखेच, उरलेलं हातांनी. काका सांगत होते, की खाऱ्या पाण्यानं बॉयलरमध्ये फेस यायचा, पाणी वाफेबरोबर वर चढायचं आणि ग्लासमध्ये दिसणाऱ्या पातळीवर भरवसा ठेवता येत नसे. वेल्सचे गृहस्थ डोळे मोठे करून ऐकत होते. त्यांच्याकडे पाऊस इतका, की असं पाणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. खारपाणपट्ट्याचा हा अर्थ मलाही नवा होता. जमीन नापीक, पोटाला अपाय, एवढंच मी आजवर सांगत आले होते.

त्यांनी जाताना मला विचारलं, की तुम्ही लोक ही लाइन आमच्यासारखी का चालवत नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या लाइनला समांतर चांगला रस्ता आणि घरोघरी मोटार होती, म्हणून ती हौसेची होऊ शकली. इथं पथ्रोटच्या शेतमजुराला अजून स्वस्त गाडी हवी आहे. त्याला ब्रॉडगेज मिळत असेल तर मी अडीच फुटीच्या बाजूनं सही करणार नाही. हे ऐकून माझे काही रेल्वेवेडे पाहुणे नाराज होतात. होऊ देत. ब्रॉडगेज व्हावं आणि त्याचबरोबर मूर्तिजापूरची शेड, अचलपूरकडचा एखादा लहानसा तुकडा, दोन-तीन स्टेशनांच्या इमारती राखाव्यात, असं मला वाटतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथं इंजिनं आहेत, डबे आहेत, चांगलं आहे. पण फायरमनकाकांनी फेसाबद्दल जे सांगितलं ते कुठल्या डब्यात ठेवणार? गार्ड तिकिटं कशी द्यायचा, फाटकाच्या चाव्या कुणाकडे असायच्या, गाठी उचलणाऱ्यांना काय मिळायचं, हे माहीत असलेली माणसं अजून मूर्तिजापुरात, दारव्ह्यात, यवतमाळात राहतात. वयं झाली आहेत. मी फोनवर जमेल तसं ध्वनिमुद्रण करते. ते काम एकट्या बाईचं नव्हे, आणि मी तशी तक्रारही बऱ्याच ठिकाणी केली आहे.

तोवर सहलीचा क्रम मी उलटा केला आहे. आधी गड, मग अचलपूर, मग रुळांच्या कडेकडेनं अंजनगाव आणि शेवटी मूर्तिजापूर. माल ज्या दिशेनं जात होता त्याच दिशेनं उतरायचं, आणि पाहुण्यांच्या परतीच्या गाड्याही मोठ्या लाइनवरूनच असतात. रेल्वेवाल्यांना आपली गोष्ट शेवटी येणार हे माहीत असलं की ते गडावर धीर धरतात.

यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात येऊ नका; मे महिन्यात रुळाला हात लावून पाहणाऱ्या एका पाहुण्याला मला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. प्यायचं पाणी अमरावतीहून भरून घ्या. मूर्तिजापूरला शेडच्या बाजूला जायचं असेल तर स्टेशन मास्तरांना आधी विचारा. आणि टेप बाहेर काढण्यापूर्वी जमलेल्यांना सांगा, की आम्ही मोजणीवाले नाही, बघायला आलो आहोत. मी सोबत असले तर ते मीच सांगते. तरी एक-दोघं जाताना नंबर देऊन ठेवतात, काही कळलं तर फोन करा म्हणून.